फॉसिल खरं की कोरून-रंगवलेलं? ट्रायलोबाइट, दात, अंबर, अंडी... कसं ओळखता?

दगडधोंडे
नमस्कार मंडळी. मोरोक्कोचा म्हणून एक ट्रायलोबाइट (कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आता नामशेष झालेला कवचवाला समुद्री जीव) भेट मिळालाय. तळहाताएवढा राखाडी दगड, त्यावर काळाकुळकुळीत प्राणी, डोळे टपोरे, पाठीवर काट्यांच्या रांगा, एकदम ऐटीत बसलाय. सोबतच्या चिठ्ठीवर 'ड्रोटॉप्स आर्मेटस, डेव्होनियन' असं लिहिलंय, म्हणजे जातीचं नाव आणि भूगर्भीय काळ. दिसायला इतका भारी की तिथेच शंकेची पाल चुकचुकली. देणाऱ्याला विचारायची सोय नाही. शोधाशोध केली तर अर्धे लोक म्हणतात मोरोक्कोचं म्हणजे डोळे झाकून खोटं समजा, उरलेले म्हणतात सुई लाल करून टोचा आणि वास घ्या. मला टोचायची नाहीये. वस्तूला धक्का न लावता कळेल असं काही आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, फोटो जरा वेळाने डकवतो.

भिंगवाली
सुई अजिबात नको. प्लॅस्टिकचा वास आला तरी एवढंच कळतं की त्या एका टिंबापाशी रेझिन (प्लॅस्टिकसारखा घट्ट होणारा गोंद) आहे, आणि रेझिन तर खऱ्या नगावरही असतं, कारण हे प्राणी खडक फुटल्यावरच दिसतात, तुकडे परत चिकटवल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उजेड वरून न पाडता बाजूने तिरका पाडा.

आधी बुडबुडे शोधा. साच्यात ओतलेल्या मालात हवा अडकते आणि बारीक, अगदी गोल खळगे राहतात. खडकातही खळगे असतात पण ते वेडेवाकडे. बुडबुडे उघड्यावर सापडत नाहीत, कारण ते घासून बुजवलेले असतात, म्हणून खाचाखोचांत बघा, डोळ्याच्या खाली, पाठीच्या दोन वळ्यांच्या मध्ये.

मग डोळे. ड्रोटॉप्स हा फॅकॉप्स नावाच्या ट्रायलोबाइटच्या गोतावळ्यातला. यांच्या डोळ्यातली भिंगं मोठी आणि सुटी सुटी असतात, प्रत्येक भिंग कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचं. रांगा शिस्तीत, दोन भिंगांच्या मध्ये स्वच्छ कड. साच्यातून काढलेल्यात ही कड वापरलेल्या साबणासारखी बोथट होते. कोरलेल्यात कारागिराने टोच्याने टिंबं मारलेली असतात, दोन-चार रांगा बऱ्या येतात आणि मग भरकटतात.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्राणी जिथे दगडाला भेटतो ती सीमा. खऱ्यात कवचाला जाडी असते, कुठेतरी टवका उडालेला असतो तिथे ती दिसते, आणि कवच दगडाच्या आत शिरताना दिसतं. कोरलेल्यात दगडाचाच कण सरळ प्राण्यात चालत जातो, कवच असं वेगळं काही नसतंच, फक्त वरून काळा रंग. चिकटवलेल्यात सीमेवर गोंदाची नाहीतर पुट्टीची गुळगुळीत वाट दिसते.

दगडात एखादी जुनी भेग किंवा पांढरी कॅल्साइटची शीर असेल तर ती कुठे जाते बघा. प्राण्याच्या अंगातून आरपार गेली तर निदान तेवढा भाग तरी त्या दगडाबरोबरच वाढलाय, नंतर आणून बसवलेला नाही. हे नकली करणं फार कटकटीचं आहे, कोणी त्या भानगडीत पडत नाही.

वजनकाटा
भिंगवाली ताईंशी सहमत. वजनाचंही बघा. कॅल्साइटची घनता २.७ च्या आसपास, साधं रेझिन १.१-१.२. म्हणजे नुसतं रेझिन असेल तर हातात घेतल्या घेतल्या पोकळ वाटेल, शिवाय दगड गार लागतो आणि रेझिन लवकर कोमट होतं. पण हल्ली रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळतात, मग वजन आणि गारवा दोन्ही फसवतात. दोऱ्याला बांधून पाण्यात तोलून घनता काढता येते पण चुना किंवा वाळू-गोंदाची पाटी असेल तर पाण्यात ती विरघळेल आणि कळण्याच्या नादात वस्तू जायची.

सरळसोट
एवढा कुटाणा कशाला? कापसाच्या काडीवर अ‍ॅसिटोन घ्या आणि घासा. रंग आला की खोटं. विषय संपला. आणि मोरोक्कोचं काहीही घेऊ नये, तिथे कारखाने आहेत याचे.

काळापाषाण
@सरळसोट, दोन्ही मुद्दे अर्धवट आहेत भाऊ.

अ‍ॅसिटोनचं आधी. फॉसिल साफ करणारे लोक नाजूक भाग टिकावा म्हणून त्यावर पातळ रेझिन चढवतात, पॅरालॉइड बी-७२ नावाचं, म्युझियममध्येही हेच वापरतात, आणि ते निवडायचं कारणच मुळी हे की ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणजे पुढेमागे काढता येतं. तुम्ही काडी घासली आणि चिकट काहीतरी आलं तर खरा नगही तुमच्या हिशोबाने खोटा ठरला, वर त्याचं संरक्षक आवरण गेलं ते वेगळंच. काळा रंग कापसावर उतरला तर शंका घ्या, पण तेव्हाही प्रश्न एवढाच की त्या रंगाखाली काय आहे. चांगल्या नगाला उठाव यावा म्हणून बूटपॉलिश फासणारे महाभागही आहेत.

मोरोक्कोचं म्हणाल तर तिथे आर्फूद, अल्निफ या भागात माणसं खडक फोडून पोट भरतात आणि जगातल्या बऱ्याच म्युझियममधले ट्रायलोबाइट तिथूनच आलेत. जो माल ढिगाने निघतो तो खोटा करण्यात कोणाला काय मिळणार? छोटे गोनियाटाइट, ऑर्थोसेरास (दोन्ही शंखवाले समुद्री जीव), शार्कचे सुटे दात, अमेरिकेच्या वायोमिंगमधले नाइटिया मासे, चीनमधले लायकॉप्टेरा मासे, हे बहुतेक खरेच असतात कारण बनवण्यापेक्षा खणणं स्वस्त. नकली कुठे असतं तर जिथे खरं काढायला जीव जातो तिथे. काटेरी ट्रायलोबाइटचा एकेक काटा खडकातून मोकळा करायला तासन् तास लागतात, सूक्ष्म पावडरचा झोत मारत बसावं लागतं. त्यामुळे काटे बघितले की माझा पहिला प्रश्न असतो, काट्यांच्या खालचा दगड कसा काढला?

आणि 'खरं की खोटं' असं विचारूच नका. 'कुठला भाग खरा' असं विचारा. धडधडीत अख्खं खोटं ओळखायला सोपं असतं, ते पकडलंच जातं. बाजारात त्रास देतं ते सत्तर टक्के खरं आणि तीस टक्के पुट्टी असलेलं.

टवाळखोर
म्हणजे लग्नाच्या बायोडेटासारखंच की 😄

काळापाषाण
😂 तिथे भिंग चालत नाही.

अर्धवट खऱ्या मालाचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण म्हणजे मोसासॉरचे, म्हणजे प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे, जबडे. मोरोक्कोतल्या खौरिब्गाच्या फॉस्फेटच्या खाणीतून दात ढिगाने येतात, दात शंभर टक्के अस्सल. मग वाळू आणि गोंदाचा लगदा करून त्यात हाडांचे कुठले कुठले तुकडे दाबतात, त्यावर ओळीने दात रोवतात, झाला जबडा. बघायचं काय, तर मोसासॉरचा दात नुसता सुळ्यासारखा हाडातून उगवत नाही, त्याच्या खाली फुगीर हाडकट बूड असतं आणि ते जबड्याला जोडलेलं असतं. बनवलेल्या जबड्यात दात बुडाशिवाय थेट वाळूत खोचलेला. शिवाय सगळे दात एका मापाचे नसतात, एका जबड्यात पुढचे मागचे वेगळे, पडलेल्या दाताच्या जागी नवा येत असलेला. आणि वाळू सगळीकडे एकसारखी, तिच्यात थर नाहीत, तर समजून जा.

मधाळ
अंबरचं, म्हणजे झाडाच्या चिकाचा जो खडा होतो त्याचं, कोणी सांगेल का? माझ्याकडे विंचू असलेला एक खडा आहे, विंचू मधोमध, नांगी वर, आठही पाय पसरलेले.

भिंगवाली
@मधाळ, वर्णनावरूनच मला धीर येत नाहीये. झाडाच्या चिकात अडकलेला जीव धडपडतो, पाय दुमडतात, पंख चुरगळतात, आजूबाजूला पानाचे कण, केस, धूळ, बुडबुडे असतात. मधोमध फोटोला उभा राहिल्यासारखा मोठा प्राणी जवळजवळ नेहमी प्लॅस्टिकमध्ये ओतलेला असतो. खऱ्या अंबरमध्ये मिळतात ते बहुतेक चिलटं, माश्या, मुंग्या, छोटे कोळी. विंचू मिळतात पण फार फार क्वचित.

मिठाच्या पाण्याची चाचणी करून बघा. कोमट पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला आणि खडा सोडा. अंबर १.०५ ते १.१० घनतेचं, तरंगतं. काच बुडते, बेकेलाइट बुडतं, ओतीव पॉलिएस्टर बहुतेक बुडतं. पण पॉलिस्टायरीन तरंगतं आणि कोपलही तरंगतं, त्यामुळे बुडालं तर नक्की अंबर नाही, तरंगलं तर अजून काहीच नक्की नाही. खडा दागिन्यात मढवलेला असेल तर ही चाचणी बाद.

कोपल म्हणजे कच्चा चीक, मादागास्कर आणि कोलंबियाचा बराच येतो, बहुतेक काही शे ते काही हजार वर्षांचा. बाल्टिक अंबर चार कोटी वर्षांच्या आसपासचं. कोपलमधला किडा खराच असतो, फक्त वय कोट्यवधी सांगून विकतात. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब ठेवून थोड्या वेळाने बोट लावा. कोपल चिकट होतं, अंबर होत नाही.

जुनीपानं
अंबरवरून आठवलं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरमधली एक माशी होती, अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेली, आणि ती आजच्या संडासमाशीच्या जातीची निघाल्याने 'बघा, ही जात कोट्यवधी वर्षं बदललीच नाही' असा तिचा दाखला दिला जायचा. १९९३ मध्ये अभ्यासक अँड्र्यू रॉस सूक्ष्मदर्शकाखाली ती बघत होते तर दिव्याच्या उष्णतेने अंबरमध्ये भेग उमटली. अस्सल अंबरचे दोन भाग करून, एक कोरून पोकळ करून, आत साधी माशी ठेवून कोणीतरी परत चिकटवलं होतं. अंबर खरं, माशी खरी, दोघांची गाठ मात्र खोटी. तेव्हा @मधाळ, खड्याच्या पोटातून जाणारी एकच सपाट सरळ रेष दिसते का तेही बघा.

कोरून-रंगवलेल्याचं ताजं प्रकरण ट्रायडेंटिनोसॉरसचं. १९३१ मध्ये इटालियन आल्प्समध्ये सापडलेला, २८ कोटी वर्षांपूर्वीचा सरड्यासारखा सरपटणारा प्राणी, दगडावर अंगाची काळी आकृती, लोक म्हणत की ही जतन झालेली त्वचा. व्हॅलेंटिना रॉसी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये छापलं की ती त्वचा नसून कोरलेल्या आकारावर फासलेला काळा रंग आहे. मागच्या पायांची हाडं आणि पाठीवरचे बारीक खवले तेवढे खरे. हे लक्षात कसं आलं तर अतिनील प्रकाशात अख्खी आकृती कसल्यातरी लेपाने झाकलेली दिसली.

सरळसोट
म्हणजे नव्वद वर्षं तज्ज्ञांनाच कळलं नाही आणि आपण दहापट भिंग घेऊन ओळखणार? 🙄

जुनीपानं
प्रश्न रास्त आहे. पण त्यातली गंमत अशी की हे जुने नग फारसं कोणी तपासलेच नव्हते, वार्निश मारायची पद्धत होती त्यामुळे लेप दिसला तरी कोणाला वावगं वाटलं नसेल. ज्यांनी तपासलं त्यांना कळलं. आर्किओरॅप्टर घ्या, नोव्हेंबर १९९९ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने डायनासोर आणि पक्ष्यांमधला दुवा म्हणून छापला, पण अभ्यासक टिमथी रो यांनी त्याआधीच सीटी स्कॅन करून तुकड्यांच्या जोडाबद्दल शंका काढली होती. ८८ तुकडे निघाले. मग चिनी अभ्यासक शू शिंग यांना चीनमध्ये त्याच शेपटीचा दुसरा अर्धा भाग मिळाला, खडक उकलला की दोन्ही बाजूंना ठसा राहतो ना, तो, आणि त्याला भलतंच धड होतं. शेपटी मायक्रोरॅप्टर नावाच्या छोट्या डायनासोरची, पुढचा भाग यानॉर्निस नावाच्या पक्ष्याचा. चटका लावणारी गोष्ट म्हणजे दोन्ही नग आपापल्या जागी मोलाचे होते, दोन चांगल्या फॉसिलांचं वाटोळं करून एक सनसनाटी बनवलं.

आणि इरिटेटर! ब्राझीलची ही कवटी विक्रेत्यांनी लांबट दिसावी म्हणून पुट्टी भरून वाढवलेली होती, अभ्यासकांचा इतका वैताग झाला की १९९६ मध्ये त्या डायनासोरचं नावच इरिटेटर ठेवलं.

हिमनग
आणखी एक प्रकार, जो भिंगाने सापडतच नाही. नग शंभर नंबरी, ठिकाण खोटं. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं फॉसिल छापले, १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की यातले काही नमुने मोरोक्कोसारख्या दुसऱ्या ठिकाणांहून आलेले दिसतात. हिमालयाच्या भूगर्भाच्या अभ्यासात त्याने केवढा घोळ झाला. म्हणून चिठ्ठीवर नाव छान छापलंय यापेक्षा कुठल्या गावाजवळचा, कुठल्या थरातला, हे लिहिलंय का ते मी आधी बघतो. नुसतं 'डेव्होनियन' म्हणजे साडेपाच-सहा कोटी वर्षांचा पट्टा झाला, त्यात काय कळणार.

अंडेवाला
माझ्याकडे नदीत मिळालेला अंड्याच्या आकाराचा गोल दगड आहे, डायनासोरचं अंडं असू शकेल का?

काळापाषाण
आकारावर जाऊ नका, पाण्याने घासलेले आणि खडकात आपोआप गोळा झालेले अंडाकृती दगड चिक्कार असतात. अंड्याला टरफल हवं, आणि टरफलाला जाडी, पृष्ठभागावर उंचवटे, श्वासाची बारीक भोकं. तेही खोटं करतात म्हणा, खऱ्या टरफलाचे तुकडे मातीच्या गोळ्यावर डकवून. तिथे शेजारचे दोन तुकडे एकमेकांत बसतात का बघायचं. खरं अंडं दबून फुटलं तर तुकडे जागच्या जागी असतात, कडा जुळतात. डकवलेल्यात मध्ये मातीचे पट्टे, काही तुकडे तर आतली बाजू वर करून लावलेले.

आणि दगडावर काळ्या नेच्यासारखी नक्षी दिसली तर ती वनस्पतीही नव्हे आणि फसवणूकही नव्हे, भेगेत झिरपलेल्या मँगनीजच्या ऑक्साइडची झाडं आहेत ती. पानाला मधली शीर असते, हिला नसते, नुसते फाटे फुटत जातात.

दगडधोंडे
सगळ्यांचे आभार! फोटो डकवलेत, वरून, बाजूने, मागून. भिंगाने बघितलं, डोळ्यातल्या रांगा व्यवस्थित आहेत, दोन्ही डोळ्यांत, कडा पण स्पष्ट. एक पांढरी शीर दगडातून येऊन शेपटीच्या भागातून पलीकडे जातेय. बुडबुडे अंगावर कुठे नाहीत. पण पाठीवरच्या काट्यांच्या बुडाशी छोटी छोटी गुळगुळीत कॉलर आहे आणि सगळे काटे एकाच कोनात वळलेले. यूव्ही (अतिनील) टॉर्च मागवलाय.

भिंगवाली
फोटो मस्त. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घेतलाय ना? ३९५ वाला जांभळा उजेडच इतका पाडतो की बाकी काही दिसत नाही. पूर्ण अंधारात बघा, चष्मा लावा, उजेड डोळ्यात जाऊ देऊ नका. नुसतं चमकलं म्हणून घाबरू नका, कॅल्साइटही कधी कधी चमकतं. फरक बघायचा, अंग एका रंगाचं आणि काट्यांची बुडं दुसऱ्याच रंगाची, असं.

दगडधोंडे
आला टॉर्च. अंग गडद, दगड मंद. काट्यांच्या कॉलर निळसर पांढऱ्या पेटल्यात, आणि काटे स्वतः पण, टोकापर्यंत. डोकं आणि पाठीच्या मध्ये एक बारीक रेषही चमकतेय.

काळापाषाण
मग चित्र बरंच स्पष्ट आहे. डोक्यामागची रेष म्हणजे खडक फुटला तिथला जोड, ते रीतसर काम, त्यात गैर काही नाही. काटे मात्र टोकापर्यंत चमकतायत म्हणजे पूर्ण रेझिनचे. आता हा मुळात आर्मेटस होता आणि खरे काटे तुटल्यावर नवे बसवले, की त्याच्याच जवळचा, काटे नसलेला ड्रोटॉप्स मेगॅलोमॅनिकस होता आणि काटे लावून बढती दिली, हे कॉलर काढल्याशिवाय सांगता येणार नाही. मेगॅलोमॅनिकसच्या पाठीवर नुसत्या गुटगुटीत पुळ्या असतात. दोन कॉलरच्या मधल्या जागेत तशा पुळ्या दिसतात का?

दगडधोंडे
दिसतात!! भरपूर.

काळापाषाण
मग माझं मत मेगॅलोमॅनिकस. हाडाचा खरा ट्रायलोबाइट आहे हो, आणि चांगला आहे. काटे फक्त उपरे.

सरळसोट
म्हणजे खोटाच ना शेवटी.

वजनकाटा
@सरळसोट 🙏

दगडधोंडे
काटे काढून घ्यावेत का? अ‍ॅसिटोनने कॉलर सुटेल?

भिंगवाली
कॉलर इपॉक्सीची (पक्क्या रेझिन गोंदाची) असेल तर अ‍ॅसिटोनने सहज सुटणार नाही, आणि डोक्यामागच्या जोडाचा गोंद मात्र सुटून बसेल, म्हणजे नको ते व्हायचं. सवयीच्या हाताने सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार सुईने थोडं थोडं खरवडून काढता येतं. तोवर राहू द्या, आणि चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा, 'काटे रेझिनचे, नंतर जोडलेले, डोक्यामागे जोड, यूव्हीखाली तपासलं' आणि तारीख. यूव्हीतला फोटोही सोबत ठेवा. वस्तू पुढे कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

मधाळ
मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं. विंचू बुडाला. 😭